मुकादमाचे दात

गल्लीत कुणी नवं बिऱ्हाड आलं की कवळीवाले त्यांना आधी कुत्र्याचे दात दाखवायचे. नावगाव, ओळखपाळख, पाणी कधी येतं, कचऱ्याची गाडी कधी येते, हे सगळं नंतर. "मुकादम, दाखव," असं म्हटलं की तो तपकिरी, एक कान मुडपलेला म्हातारा कुत्रा मान वर करायचा, कवळीवाले दोन बोटांनी त्याचा वरचा ओठ उचलायचे, आणि आत बघावं तर पांढरेशुभ्र दात, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. बघणारा बिचारा आपली जीभ आपल्या दातांवरून फिरवत म्हणायचा, "अहो, माझेसुद्धा असे नाहीत." यावर कवळीवाले खिशातला रुमाल काढून बोटं पुसत म्हणायचे, "तुमचेही करून देऊ. वेळ आली की या."

आणि लोक येतही होते. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं कवळीवाल्यांच्या दातांनी जेवत होती, हसत होती, भांडत होती. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचा कारखाना. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे मांडलेले, टेबलावर मेण वितळवायचा छोटा दिवा, कोपऱ्यात घासायचं चाक. शहरातले दातांचे डॉक्टर माप घेऊन ते यांच्याकडे पाठवत आणि कवळीवाले त्यावर गुलाबी हिरडी चढवून तिच्यात एकेक दात बसवत. कवळी अशी बसली पाहिजे की घालणाऱ्याला ती घातल्याची आठवणच राहता कामा नये, हे त्यांचं ठाम मत, आणि ते मत ते दिवसातून एकदा तरी कुणाला तरी ऐकवत. बायको म्हणायची, "कवळ्यांना नुसते दात असतात, तोंड नसतं, म्हणून त्या तुमचं निमूटपणे ऐकून घेतात."

मुकादमाला मुकादम का म्हणत, तेही सांगून टाकतो. पिल्लू असताना रस्ता खोदणाऱ्या माणसांसमोर हा ढिगाऱ्यावर जाऊन बसायचा आणि कुणी फावडं टेकवून जरा उभा राहिला की त्याच्यावर भुंकायचा. तेव्हापासून जे नाव पडलं ते पडलं. गल्लीतल्या एकूण एक कामावर त्याची देखरेख. दूधवाला उशिरा आला तर त्याला बोलणी, पोस्टमन लवकर आला तर त्यालाही बोलणी.

तर या मुकादमाचे दात म्हणजे कवळीवाल्यांचं खास काम. दर रविवारी सकाळी टेबल आवरलं की ते खुर्चीवर बसत, मुकादम येऊन त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवे, आणि मग बारीक कोरणीने त्याच्या दातांवरचं पिवळं कीट खरवडून काढायचा कार्यक्रम चाले. त्यानंतर कवळी घासायची पावडर ब्रशवर घेऊन असे काही चकाचक करत की विचारू नका. कुत्राही गुणाचा, हूं की चूं करत नसे. हे वर्षानुवर्षं चाललेलं. कवळीवाल्यांच्या मनात याबद्दल इतका अभिमान होता की स्वतःच्या मुलीलाही त्यांनी त्यात बोट घालू दिलं नव्हतं.

आता ही मुलगी कोण, तर जनावरांची डॉक्टर. एकुलती एक. कवळीवाल्यांची फार इच्छा होती की तिने माणसांच्या दातांची डॉक्टर व्हावं. तिने मापं घ्यायची, यांनी कवळ्या करायच्या, दारावर बापलेकीची एकच पाटी. पण पोरगी लहानपणापासून पाखरं, मांजरं, लंगडी कुत्री घरात आणणारी, ती कसली ऐकते. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिचा दवाखाना होता, पुढे बसायची खोली, मागे तपासायची आणि ऑपरेशनची. चांगला चालायचा. कवळीवाले तोंडाने म्हणायचे, "जनावरांचं काय, ती थोडीच तक्रार करतात," पण कुणी तिचं कौतुक केलं की चहाचा आग्रह व्हायचा, हेही खरं. ती येई तेव्हा म्हणायची, "बाबा, मुकादमाचं वय झालंय, एकदा त्याचं तोंड नीट तपासू." लगेच हे त्याचा ओठ उचलून दाखवत. "काय तपासणार? आरसा आहे, आरसा. स्वतःचं तोंड बघून घे." लेक हसायची आणि विषय तिथेच राहायचा.

त्या वर्षी मुकादम बदलला. आधी बायकोच्या लक्षात आलं, कारण तिचं नाक तिखट. "याच्या तोंडाला घाण वास येतोय," ती म्हणाली. कवळीवाले म्हणाले, "कुत्र्याच्या तोंडाला कुत्र्याचा वास येणार, अत्तराचा कुठून येईल?" मग टोस्ट खाताना तो मान एका बाजूला वाकडी करायला लागला, तुकडा तोंडातून खाली पडायचा, तो त्याच्याकडे बघत बसायचा आणि निघून जायचा. कवळीवाल्यांनी टोस्ट दुधात भिजवून द्यायला सुरुवात केली. मग तो शिंकायला लागला, तेव्हा प्लॅस्टरच्या धुळीवर खापर फुटलं. सतरंजीवर डावा गाल घासायला लागला, तेव्हा पिसवा झाल्या असतील असं ठरलं. डोक्यावरून हात फिरवायला गेलं की मान मागे घ्यायला लागला, तेव्हा म्हातारपणी माणसंही चिडखोर होतात, असं म्हणून झालं. दूधवाला येऊन जायचा, पोस्टमन येऊन जायचा, मुकादम पायरीवर पडून असायचा. "वय झालं हो," कवळीवाले सांगत सुटायचे. सगळ्यांना पटायचंही. म्हातारपण हे एक बरं असतं, कशावरही घालता येतं.

एका सकाळी मुकादमाच्या डाव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज आलेली दिसली. गांधीलमाशी चावली, असं कवळीवाल्यांनी निदान केलं आणि बर्फ लावायला गेले, तर जन्मात कधी न गुरगुरलेला कुत्रा त्यांच्यावर गुरगुरला. कवळीवाले हातात बर्फ घेऊन तसेच उभे राहिले. बायकोने मुलीला फोन लावला.

लेक दुपारी आली. स्वयंपाकघरात जमिनीवरच मांडी घालून बसली, मुकादमाशी आधी इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच उजवा ओठ उचलून पाहिला, मग डावा. दात चकाकत होते. पण ती दातांकडे बघतच नव्हती. तिची नजर दात जिथे हिरडीत शिरतात तिथे होती, आणि तिथे गडद लाल रेघ होती, एखाद्या ठिकाणी तर नुसतं बोट लागलं आणि रक्त आलं. तिने नाक जवळ नेऊन वास घेतला. सुजेच्या कडेला अगदी हलकं दाबलं तसा मुकादम कळवळला.

"ही माशी नाही, बाबा," ती म्हणाली. "वरच्या मोठ्या दाढेचं मूळ सडलंय. तिची मुळं थेट डोळ्याखाली जातात. तिथे पू झालाय. आणि एवढ्यावर भागेल असं वाटत नाही. शिंका येतायत ना? पुढच्या सुळ्याचंही मला खरं दिसत नाही."

"सडलंय?" कवळीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "गेल्या रविवारी मी स्वतः घासलेत. एक डाग दाखव."

"डाग नाही, तेच तर. वर दिसतं ते तुम्ही काढता. रोग हिरडीच्या खाली असतो, तिथे कोरणी पोचत नाही. भूल दिल्याशिवाय माझीही पोचायची नाही. दात इतके स्वच्छ दिसतायत की मीसुद्धा दर वेळी हसून सोडून दिलं. मला तरी कळायला हवं होतं."

तिने शेवटचं वाक्य जरा खाली बघत म्हटलं. कवळीवाल्यांना ते ऐकू गेलं, पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. कवळीवर ओरखडा पडला की घाण आधी तिथे धरते, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असत. आणि प्लॅस्टिक घासायची भरड पावडर घेऊन ते जिवंत दात घासत होते. पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. ते उठले आणि पुढच्या खोलीत जाऊन उगाचच फळीवरचे जबडे सरळ करायला लागले.

लेक मागोमाग आली. तिने सगळं नीट समजावलं. आधी सूज उतरायला औषध, वेदनेवर औषध. मग रक्त तपासायचं, हृदय तपासायचं, आणि सगळं ठीक असेल तर भूल देऊन एक्स-रे काढायचे, हिरडीखाली साफ करायचं, वाचण्यासारखे दात वाचवायचे आणि बाकीचे काढायचे. "कुत्रं दात दुखतो म्हणून जेवण सोडत नाही, बाबा. दुखत दुखत खातं. त्याने किती दिवस काढलेत देव जाणे."

"या वयात भूल त्याला सोसायची नाही."

"तपासल्याशिवाय कसं म्हणता? वय झालं म्हणजे जपून द्यायची, द्यायचीच नाही असं नाही."

"मग दुसऱ्या कुणा डॉक्टरकडे नेऊ," कवळीवाले म्हणाले.

लेकीने पर्स उचलली. "लांब लांबून लोक जनावरं घेऊन माझ्याकडे येतात," ती म्हणाली, "आणि माझ्या बापाला मी नको. ठीक आहे. पण कुठेही न्या, लवकर न्या." आणि आईने केलेला चहा तसाच टाकून ती गेली.

बायकोने त्या दिवशी कवळीवाल्यांना धारेवर धरलं. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मध्ये बोलायची कुणाची टाप नव्हती, म्हणून ते ऐकत राहिले. ती दमून खुर्चीवर बसली तेव्हा ते म्हणाले, "तिच्या हातावर माझा भरवसा नाही असं वाटतं तुला?"

"मग काय वाटायचं?"

"तो टेबलावरून उठलाच नाही तर? तिच्या हातून माझा कुत्रा गेला, हे ती विसरेल? मी विसरीन? दर वेळी घरात आली की ती पायरीकडे बघेल. कुत्रा जाईल तो जाईल, मला लेक गमवायची नाही."

बायको म्हणाली, "दुसरीकडे नेलात आणि तिथे गेला, तर? मी केलं असतं तर वाचला असता, असं तिला आयुष्यभर वाटेल. बोलणार नाही ती, माझ्यावर गेलेली नाही. पण वाटेल. मग कुठे तोंड लपवाल?"

तेवढ्यात पायरीवर मुकादमाला जांभई आली. तोंड पुरतं उघडायच्या आतच तो केकाटला आणि घाईने मिटून बसला. साधी जांभईसुद्धा त्याच्या नशिबात राहिली नव्हती. कवळीवाल्यांनी चप्पल पायात सरकवली. "कुठे निघालात?" बायकोने विचारलं. "तुझ्या लेकीकडे," ते म्हणाले. कामाचं असलं की लेक आपली आणि चूक कबूल करायची असली की बायकोची, असा त्यांचा जुना हिशेब होता.

तपासण्या झाल्या. रक्त वयाच्या मानाने उत्तम निघालं. हृदयातून मात्र थोडा जास्तीचा आवाज येत होता. लेकीने काही लपवलं नाही. धोका आहे, पण न करण्यातला धोका मोठा आहे, ती म्हणाली. तिथला पू हाडात आणि रक्तात उतरत राहणार. आणि भूल द्यायला, ती सांभाळायला तिने आपल्या एका मैत्रिणीला बोलावलं होतं. मैत्रीणही जनावरांची डॉक्टरच, पण भुलेचं काम खास करायची. एकीने दात बघायचे, दुसरीने श्वास आणि हृदय, डोळ्यांत तेल घालून. कवळीवाल्यांना ही वाटणी आवडली. एकाच माणसाने सगळं करू नये, माप एकाचं आणि कवळी दुसऱ्याची, तेव्हाच काम चोख होतं, असं त्यांनी तिथल्या मदतनीस बाईंना ऐकवलंही.

ऑपरेशनच्या सकाळी मुकादम रिकाम्या पोटी, शेपूट खाली घालून आत गेला. कवळीवाले बाहेरच्या खोलीत बसले. समोर एक बाई मांडीवर बुट्टी घेऊन बसल्या होत्या, तिच्यात म्हातारं मांजर होतं. कवळीवाल्यांनी भिंतीवरची ससे कसे पाळावेत याची माहिती वाचली, मग पुन्हा वाचली. ससे पाळायचा त्यांचा काही विचार नव्हता. त्यांचा जीव टांगणीला लागला होता आणि डोळ्यांना कुठेतरी ठेवायला जागा हवी होती.

दार उघडलं आणि लेक बाहेर आली. मास्क हनुवटीवर ओढलेला, हातात चपटा स्क्रीन. बापाशेजारी बसली. "हे बघा."

काळ्यापांढऱ्या चित्रात दात होते. कवळीवाल्यांनी चष्मा वर केला, खाली केला. जन्मभर त्यांनी दातच पाहिले होते, पण त्यांच्या हाताखालच्या दातांना मुळं नसत. मेणात खोचला की झाला उभा. इथे वर दिसायचा तो दात म्हणजे नुसतं टोक होतं, आणि खाली त्याच्याहून लांब, जाड मुळं हाडात उतरलेली. आणि मुळांच्या टोकांना काळं. हाड जिथे असायला हवं तिथे काही नव्हतंच.

"एवढं मोठं असतं खाली?" ते हळू आवाजात म्हणाले.

"एवढं असतं. ही दाढ काढली. तीन मुळं होती, दाढेचे तीन तुकडे केले आणि एकेक मूळ सुटं करून काढलं. ओढलं असतं तर जबडा तडकला असता. आता हा सुळा." तिने बोट ठेवलं. तो डावा वरचा सुळा, कवळीवाल्यांचा सगळ्यात लाडका, सगळ्यात चकचकीत. "आतून नाकापर्यंत भोक पडलंय. शिंका त्याच्याच. हा काढून हिरडीचा पडदा ओढून ते भोक शिवायला हवं. नाजूक काम आहे, अजून वेळ भूल लागेल. आतापर्यंत त्याने छान साथ दिलीय. इथे थांबून पुन्हा दुसऱ्यांदा भूल देता येईल, किंवा आत्ताच करता येईल. मालकाला विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही."

"तुझं मत काय?"

"आत्ताच करावं." ती थांबली. मग बापाकडे न बघता म्हणाली, "पण बाबा, तो आपला मुकादम आहे हे डोक्यातून जात नाहीये. दाढेच्या वेळी एकदा हात थरथरला. मैत्रीण म्हणाली, ती सुळा काढते, मी भूल बघते. तिलाही येतं. तुम्ही म्हणाल तसं."

कवळीवाल्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. हातमोज्यांची पावडर लागलेले, नखं बारीक कापलेले, मनगटाशी जुना ओरखडा, कुठल्या तरी मांजराचा. हेच हात घरात आपण कधी नीट पाहिले नाहीत, असं त्यांच्या मनात आलं.

"ज्याचं त्याने काम करावं," ते म्हणाले. "तिला भूल बघू दे. सुळा तू काढ."

"आणि काही झालं तर?"

"झालं तर संध्याकाळी मी तुझ्याकडेच जेवायला येईन. उद्याही येईन. दोघं मिळून रडू. पण मी दुसऱ्या कुणाच्या हातात त्याला देणार नाही. ऊठ आता, तो आत तुझ्यासाठी खोळंबलाय."

लेकीने मास्क वर ओढला. डोळे तेवढे दिसत होते आणि ते भरले होते, पण चालताना ती सरळ चालली.

दार बंद झालं. समोरच्या मांजरवाल्या बाई सगळं ऐकत होत्या, न ऐकल्यासारखं करत. थोड्या वेळाने त्यांनी घसा साफ केला. "आमच्या मांजराचेही दात काढायचे म्हणतायत. म्हातारी आहे हो ती. भीती वाटते. डॉक्टर चांगल्या आहेत का?"

एरवी कवळीवाले दातांवर बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार व्हायचा. या वेळी मात्र आत काय चाललंय, कसं चाललंय, त्यांना काहीही ठाऊक नव्हतं. "आत टेबलावर माझा कुत्रा आहे," ते म्हणाले. "आणि ती माझी मुलगी आहे. निर्धास्त द्या मांजर."

बाईंनी बुट्टीचं झाकण जरा उघडून आत हात घातला. कवळीवाले पुन्हा सशांकडे वळले, पण आता त्यांची मान ताठ होती. भीती होती, पण तिच्या शेजारी दुसरंही काहीतरी येऊन बसलं होतं. आपल्या पोरीने भीत भीत का होईना, आत जाऊन हात स्थिर करायचं ठरवलंय, आणि ते तिला जमतं, या गोष्टीने त्यांचा ऊर भरून आला होता.

मदतनीस बाईंनी हाक मारली तेव्हा ते उठताना खुर्चीला अडखळले. आत मुकादम गरम पांघरुणात पडला होता, जीभ बाहेर, डोळे अर्धवट. कवळीवाल्यांनी वाकून त्याच्या कानाशी नाव घेतलं. शेपटी हलली. पुरती नाही, टोकाशी जराशी. मैत्रीण भिंतीला टेकून पाणी पीत होती आणि लेक स्टुलावर बसून दोन्ही हातांची बोटं उघडमीट करत होती. "झालं," ती म्हणाली. "हृदय शेवटपर्यंत शहाण्यासारखं वागलं."

घरी आल्यावरचे पहिले दिवस मऊ पातळ खाणं, वेळेवर औषधं आणि कोरणी कपाटात बंद. लेकीने कुत्र्यांची वेगळी पेस्ट आणि मऊ ब्रश दिला होता, तोही टाके भरल्यावरच वापरायचा, रोज, आणि माणसांची पेस्ट चुकूनही नाही. कवळीवाल्यांनी सगळं शाळकरी पोरासारखं ऐकून घेतलं. त्यांना वाटलं होतं, दात गेलेला म्हातारा कुत्रा आता आणखीच खचेल. झालं भलतंच. एका सकाळी गल्लीत आरडाओरडा ऐकू आला म्हणून बायको बाहेर धावली, तर मुकादम दूधवाल्याच्या सायकलीपुढे उभा राहून त्याला उशिराबद्दल फैलावर घेत होता. दूधवाला वैतागायचं सोडून हसत होता. "हा तर मेल्यात जमा होता," तो म्हणाला. बायकोने डोळे पुसले आणि दूधवाल्याला उलट सुनावलं की उशीर झाला हे खरंच आहे.

म्हणजे ज्याला सगळे म्हातारपण म्हणत होते, ते निम्मं दातदुखीच निघालं. कवळीवाल्यांनी ही गोष्ट गल्लीत ज्याला त्याला सांगितली, स्वतःच्या पावडरीसकट सांगितली, काही हातचं राखलं नाही. पुढच्या आठवड्यांत लेकीच्या दवाखान्यात त्या गल्लीतली म्हातारी कुत्री एकामागून एक यायला लागली. येणारा प्रत्येक जण दात दाखवायच्या आधी हिरडी दाखवायचा.

टाके बघायला बोलावलं त्या दिवशी कवळीवाले येताना आपलं भिंग घेऊन आले. तपासायच्या टेबलावर मुकादम उभा, बाजूला बायको, समोर लेक. लेकीने ओठ उचलला, पाहिलं, आणि म्हणाली, "छान भरलंय." मग बापाच्या हातातलं भिंग बघून बाजूला झाली.

कवळीवाले वाकले. सुळ्याच्या जागी गुलाबी, गुळगुळीत हिरडी होती. कुठे शिवलं होतं ते शोधायला त्यांना भिंग डावीउजवीकडे फिरवावं लागलं. आयुष्यभर त्यांनी हिरड्या केल्या होत्या, मेणाच्या, प्लॅस्टिकच्या, आणि जिथे दोन भाग जुळतात तिथली रेघ घालवता घालवता त्यांच्या नाकी नऊ येत. इथे रेघ नव्हती. आणि हे काम फिरत्या चाकावर नाही, तर श्वास घेणाऱ्या जनावराच्या तोंडात, रक्तात, घड्याळाशी शर्यत लावून केलेलं होतं. त्यांनी पुन्हा बघितलं. बायको म्हणाली, "अहो, त्याची मान दुखेल." त्यांनी ऐकलं नाही.

लेक हाताची घडी घालून उभी होती. इतकी जनावरं बरी केलेली बाई, पण बाप काही बोलेपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता, आणि ते तिच्या आईला दिसत होतं. या माणसाने आजवर दुसऱ्याच्या कामात खोट काढली नाही असं झालं नव्हतं. मोठमोठ्या डॉक्टरांची मापं त्याने परत पाठवली होती.

कवळीवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"मला हे जमलं नसतं," ते म्हणाले.

लेकीने विचारलं, "काय म्हणालात?"

"एकदा सांगितलेलं ऐकू येत नाही का तुला?" कवळीवाले म्हणाले, आणि पुन्हा सांगितलं.